सेनानेतृत्व व ग्रंथव्यासंग

सेनानेतृत्व व ग्रंथव्यासंग : सेनाधिकाऱ्याच्या ठिकाणी निर्णयशक्ती, दूरदृष्टी व माणसे हाताळण्याचे कौशल्य निर्माण होण्यात वाचन, मनन आणि सेवाकालात अखंड चालणारे अध्ययन यांचा मोठा वाटा असतो. शस्त्रविद्या, कवायत व शारीरिक क्षमता प्रत्येक सैनिकाला आवश्यक असतात. परंतु अधिकाराची श्रेणी वाढते तसतसा प्रत्यक्ष शस्त्र चालविण्याचा भाग कमी होत जातो आणि परिस्थितीचे आकलन, शत्रूच्या हेतूंचा अंदाज, भूप्रदेशाची जाण, रसदपुरवठ्याचा हिशेब व राज्यकर्त्यांना द्यावयाचा सल्ला यांचे महत्त्व वाढते. वैद्य किंवा वकील आपल्या व्यवसायाचा सराव नित्य करू शकतो. सेनाधिकाऱ्यास मात्र मोठ्या युद्धाचा अनुभव आयुष्यात एकदोनदाच येतो, कित्येकांना तो येतही नाही आणि आला तर चुकीची किंमत त्याच्या हाताखालील माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी पूर्वीच्या सेनानींचा अनुभव ग्रंथांतून आत्मसात करणे, हा ग्रंथव्यासंगाचा मूळ हेतू होय.

या व्यासंगाच्या तीन पायऱ्या मानता येतील : (१) ज्ञानाचे ग्रहण, (२) प्रत्यक्ष भूमी, साधने व मनुष्यबळ यांवर ते घासून पाहणे, आणि (३) त्यातून निघालेले निष्कर्ष नोंदवून वरिष्ठांपर्यंत व पुढील पिढीपर्यंत पोहोचविणे. यांतील तिसरी पायरी अपुरी राहिल्यास पहिल्या दोन निष्फळ ठरतात, असे इतिहासावरून दिसते. कोल्हापूर व त्याचा परिसर यांच्याशी निगडित असलेल्या काही व्यक्ती व ग्रंथ यांच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करता येते.

प्राचीन परंपरा : कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात वृद्धसंयोग नावाचा अध्याय असून त्यात राजपुत्राची दिनचर्या सांगितली आहे. दिवसाचा पूर्वभाग हत्ती, घोडा, रथ व शस्त्रे यांच्या शिक्षणासाठी आणि उत्तरभाग इतिहासश्रवणासाठी राखून ठेवावा, असे कौटिल्य सुचवितो. इतिहास या संज्ञेत पुराण, इतिवृत्त, आख्यायिका, उदाहरण, धर्मशास्त्र व अर्थशास्त्र या सर्वांचा तो समावेश करतो. उरलेल्या वेळात नव्याचे ग्रहण व जुन्याची उजळणी करावी आणि जे समजले नसेल ते पुन्हापुन्हा ऐकावे, असेही त्याने म्हटले आहे. शस्त्राभ्यास व शास्त्राभ्यास एकाच दिवसात बसविण्याची ही योजना आधुनिक सैनिकी प्रबोधिनींच्या दिनक्रमाशी जुळणारी आहे.

या परंपरेत श्रवणाला वाचनाइतकेच स्थान होते. म्हैसूरचा हैदर अली निरक्षर असूनही अठराव्या शतकातील एक समर्थ सेनानी ठरला. जाणत्यांकडून माहिती काढून घेणे, ती ध्यानात ठेवणे आणि प्रसंगी तिचा उपयोग करणे, ही त्याची अध्ययनपद्धती होती. तात्पर्य, अक्षरज्ञान हे अध्ययनाचे सर्वांत सोयीचे साधन असले, तरी अध्ययनवृत्ती ही त्याहून व्यापक गोष्ट आहे.

आज्ञापत्र : मराठ्यांच्या राज्यात युद्धविद्येचे शिक्षण मुख्यतः घराण्यातून, पागेतून व मोहिमेवर मिळत असे. त्यासाठी स्वतंत्र विद्यालये नव्हती. त्यामुळे एका पिढीचा अनुभव पुढील पिढीस लेखी स्वरूपात मिळण्याचे प्रसंग विरळ आढळतात. या दृष्टीने आज्ञापत्र या ग्रंथाचे महत्त्व असाधारण आहे. करवीरचे संभाजी छत्रपती यांच्या नावे सु. १७१५–१६ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे कर्तृत्व परंपरेने रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्याकडे दिले जाते. रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्याची सेवा केली होती. राजाराम महाराज जिंजीस गेले असता महाराष्ट्रातील कारभाराची व प्रतिकाराची धुरा त्यांनी सांभाळली आणि त्यांना हुकूमतपन्हा हा किताब मिळाला. करवीरची गादी स्वतंत्र झाल्यानंतर तेथील छत्रपतींसही त्यांचा आधार होता.

आज्ञापत्राच्या अखेरच्या भागात दुर्ग व आरमार यांचे विवेचन आले आहे. किल्ल्यासाठी जागा निवडताना प्रथम पाण्याची सोय पाहावी, किल्ल्यावर मारा करता येईल अशी उंच जागा जवळपास मोकळी राहू देऊ नये, दारूखाना वस्तीपासून दूर असावा, यांसारख्या सूचना तीत आहेत. आरमारासाठी लाकूड हवे असले, तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा दंडकही घालून दिला आहे. युद्धसामग्रीची गरज आणि प्रजेचा विश्वास यांचा एकत्र विचार करणारी ही दृष्टी दीर्घ अनुभवातून आलेली आहे. औरंगजेबाविरुद्धच्या प्रदीर्घ युद्धात किल्ल्यांचे जे मोल प्रत्ययास आले, ते विस्मृतीत जाऊ नये, म्हणून ते तरुण राजापुढे सूत्ररूपाने मांडण्यात आले. अनुभवाचे ग्रंथात रूपांतर होण्याचे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण होय.

पाश्चात्त्य परंपरा : आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) हा १७९६ मध्ये हिंदुस्थानात येण्यास निघाला, तेव्हा त्याने मुद्दाम विकत घेतलेला ग्रंथसंग्रह बरोबर आणला होता. त्यात या देशाचा इतिहास, येथील भाषा, कायदा व युद्धशास्त्र या विषयांवरील पुस्तकांचा भरणा होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या (जि. जालना) लढाईत शिंदे व भोसले यांच्या सैन्यासमोर येताच केळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी त्यास सांगितले. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली त्याला दिसली आणि अशा दोन गावांमध्ये ये-जा करण्यास उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. ते खरे ठरले व त्याला सैन्य पलीकडे नेता आले. हे अनुमान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. देश व लोकजीवन समजून घेण्याची सवय अंगी बाणलेली असली, म्हणजे आणीबाणीच्या क्षणी ती कशी उपयोगी पडते, हे त्यावरून दिसते.

प्रशियाने व्यक्तिगत व्यासंगाला संस्थेचे रूप दिले. येनाच्या लढाईत (१८०६) नेपोलियनकडून झालेल्या पराभवानंतर शार्नहोर्स्टने सेनेची पुनर्रचना केली आणि १८१० मध्ये बर्लिन येथे अधिकाऱ्यांच्या उच्च शिक्षणासाठी युद्धविद्यालय सुरू झाले. क्लाउझेव्हिट्स हा १८१८ ते १८३० या काळात या संस्थेचा प्रमुख होता. त्याचा युद्धविषयक प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ पासून त्याच्या पत्नीने प्रकाशित केला. अमेरिकेचा ड्वाइट आयझेनहौअर हा १९२२–२४ या काळात पनामात असताना त्याचा वरिष्ठ अधिकारी फॉक्स कॉनर याने त्याला इतिहास व युद्धशास्त्र यांचे पद्धतशीर वाचन करावयास लावले व त्यावर चर्चा केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या पश्चिम यूरोपातील सेनांचे आधिपत्य करणाऱ्या या सेनानीने आपल्या जडणघडणीचे श्रेय या काळाला दिले आहे. वरिष्ठाने कनिष्ठाचा अभ्यास करून घेण्याची ही पद्धत विशेष परिणामकारक मानली जाते.

भारतीय सेनेतील शिक्षणव्यवस्था : हिंदुस्थानात सेनाधिकाऱ्यांच्या अभ्यासास उत्तेजन देण्यासाठी १८७० मध्ये सिमला येथे युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन झाली. ग्रंथालय, नियतकालिक व निबंधस्पर्धा ही तिची प्रमुख अंगे होत. कालांतराने ती दिल्लीस हलविण्यात आली. स्टाफ कॉलेज १९०५ मध्ये नाशिकजवळील देवळाली येथे सुरू झाले. १९०७ मध्ये ते क्वेट्ट्यास गेले आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याचे महाविद्यालय निलगिरीतील वेलिंग्टन येथे उभारण्यात आले. डेहराडूनची भारतीय सैनिकी प्रबोधिनी (१९३२), खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (उद्‌घाटन १९५५) व दिल्लीचे राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालय (१९६०) या संस्थांमुळे अधिकाऱ्याच्या सेवेतील निरनिराळ्या टप्प्यांवर अध्ययनाची सोय झाली.

जवानांच्या शिक्षणासाठी १९२१ मध्ये सैनिकी शिक्षण दल उभारण्यात आले. ब्रिटिश अमदानीत जवानांना बव्हंशी रोमन लिपीतील उर्दू शिकविली जाई, त्यामुळे मातृभाषेतील साक्षरतेचा प्रश्न मुलकी शिक्षणावरच अवलंबून होता. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा जो निर्णय घेतला, त्याचे महत्त्व या संदर्भातही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या शेतकरी समाजातून पलटणींना मनुष्यबळ मिळत असे, त्या समाजातच अक्षरज्ञानाचा प्रसार त्यामुळे होऊ लागला. शहरात १८५० पासून सार्वजनिक ग्रंथालय होते. ते आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते. राजाराम महाविद्यालयामुळे (स्थापना १८८०) दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण जवळच मिळू लागले.

लेफ्टनंट जनरल थोरात : मूळचे कोल्हापूरजवळील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६–९२) हे सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये सेनेत अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरील कांगॉच्या लढाईत (जानेवारी–फेब्रुवारी १९४५) त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे नेतृत्व केले. त्याच ब्रिगेडमधील इतर दोन पलटणींचे प्रमुख थिमय्या व एल. पी. सेन हे होते. या तिघाही भारतीय अधिकाऱ्यांना डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. ब्रह्मदेशातील युद्ध ही अध्ययनाचीही एक मोठी शाळा होती. १९४२ च्या माघारीनंतर जनरल स्लिमने पराभवाची कारणे शोधली व जंगलातील हालचाली, विमानाने रसद आणि माघार न घेता वेढ्यात टिकून राहणे यांचे शिक्षण आपल्या सैन्याला दिले. स्लिमने हा अनुभव पुढे डिफीट इंटू व्हिक्टरी (१९५६) या ग्रंथात नमूद केला.

कोरियातील युद्धविरामानंतर १९५३–५४ मध्ये भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व थोरात यांच्याकडे आले. मायदेशी परतण्यास नाखूष असलेल्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ या दलाला करावयाचा होता. कैद्यांच्या एका गटाने भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले असता थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह छावणीत शिरले व रक्तपात न होऊ देता त्यांनी त्याची सुटका करविली. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन (१९६७ पासून कीर्तिचक्र) देण्यात आले. अशा प्रसंगी डावपेचांचे ज्ञान अपुरे पडते. युद्धकैद्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय करार, तटस्थतेची मर्यादा व जमावाचे मानसशास्त्र यांची जाण तेथे आवश्यक असते.

त्यांच्या व्यासंगाची खरी कसोटी पूर्व कमांडचे प्रमुख असताना (१९५७–६१) लागली. १९५९ मध्ये लोंगजू व कोंगका खिंड येथे चिनी सैन्याशी चकमकी झाल्या आणि ईशान्य सीमेच्या संरक्षणाची जबाबदारी सेनेकडे देण्यात आली. थोरात यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये या सीमेच्या संरक्षणाचे सविस्तर मूल्यमापन सिद्ध केले. सीमारेषेवरील दुर्गम चौक्या केवळ इशारा देण्यापुरत्या ठेवून मुख्य संरक्षणफळी आत, रस्त्याने रसद पोहोचू शकेल अशा ठिकाणी असावी, म्हणजे शत्रूची पुरवठ्याची वाट लांबेल व आपली आखूड राहील, असे त्याचे सूत्र होते. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे लाल किल्ला या नावाने घेतलेल्या लष्करी सरावात हे मूल्यमापन वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे तपासून पाहण्यात आले. उपलब्ध सैन्य व साधने यांच्या आधारे आक्रमण कसे टप्प्याटप्प्याने पुढे सरकेल आणि ते थोपविण्यास किती बळ वाढवावे लागेल, हे त्यात दाखविण्यात आले. सेनाप्रमुख थिमय्या यांनी मूल्यमापनास पाठिंबा दिला. परंतु संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते अवास्तव भीती निर्माण करणारे मानले, असे थोरात यांनी आपल्या फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट (१९८६) या आत्मचरित्रात नोंदविले आहे. १९६१ मध्ये थिमय्या व थोरात दोघेही निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. नामका चू, से ला व बोमदिला येथील भारतीय फळी महिनाभरातच कोसळली. पुरेशी रसद, गरम कपडे व तोफखाना यांवाचून पुढे धाडलेल्या पलटणींची अपरिमित हानी झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर थिमय्या व थोरात यांना घेण्यात आले. पूर्वीची योजना जशीच्या तशी स्वीकारली असती, तर युद्धाचा निकाल कितपत बदलला असता, हे निश्चित सांगता येत नाही. मात्र धोक्याचे आकलन अगोदर झालेले होते, ते लेखी मांडलेले होते व सरावाने तपासलेलेही होते. निर्णयकर्त्यांपर्यंत पोहोचूनही ते स्वीकारले गेले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सेनानीचे अध्ययन राज्यकर्त्यांच्या निर्णयात उतरण्याची व्यवस्था नसेल, तर त्याचा लाभ राष्ट्राला मिळत नाही.

पराभवाची मीमांसा : युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण (१९१३–८४) हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होत. इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते १९३८ मध्ये पदवीधर झाले. त्यांचे वाचन चौफेर असून ग्रंथसंग्रहही मोठा होता. पराभवाच्या चौकशीसाठी हेंडरसन ब्रुक्स व भगत या अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालाचा आशय चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत सांगितला. सैनिकांचे मूलभूत शिक्षण समाधानकारक होते. परंतु ते विशिष्ट भूप्रदेशाला व चीनशी होणाऱ्या युद्धाला अनुसरून दिलेले नव्हते, परिणामी चिनी सैन्याची युद्धपद्धती, शस्त्रे व क्षमता यांचे आवश्यक ज्ञान आपल्या सैन्याला नव्हते, असा त्यांच्या निवेदनाचा एक प्रमुख भाग होता. शत्रूच्या अभ्यासाची उणीव ही पराभवाच्या कारणांत अधिकृतपणे नमूद झाली. चव्हाण यांच्या कारकीर्दीत (१९६२–६६) डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारणे व त्यांना तदनुरूप शिक्षण देणे, हे कार्य हाती घेण्यात आले.

वाचनाचे विषय व मर्यादा : सेनाधिकाऱ्याच्या वाचनात साधारणतः पुढील विषय येतात : युद्धेतिहास व मोहिमांची वर्णने, सेनानींची चरित्रे व आत्मचरित्रे, भूगोल व संभाव्य शत्रुदेशांचे समाजजीवन, युद्धविषयक कायदा, अर्थकारण व राजकारण, विज्ञान व तंत्रविद्या, आणि ललित साहित्य. ललित साहित्याचे प्रयोजन माणसांच्या भय, निष्ठा व स्वाभिमान यांची ओळख करून देणे हे असते. मराठीतही कॅप्टन ग. वा. मोडक यांचे प्रतापगडचे युद्ध व मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे १९६२ च्या युद्धावरील न सांगण्याजोगी गोष्ट यांसारखे, सैनिकी पेशातील लेखकांनी लिहिलेले अभ्यासपूर्ण ग्रंथ आहेत.

वाचनाचे काही धोकेही संभवतात. मागील युद्धात यशस्वी ठरलेली पद्धत पुढील युद्धात जशीच्या तशी वापरण्याचा मोह होतो. पुस्तकी निश्चितीमुळे समोरच्या भूमीकडे दुर्लक्ष होते, तर काही वेळा सर्व बाजूंचा विचार करण्याच्या सवयीमुळे निर्णयास विलंब लागतो. विजेत्यांच्या आत्मचरित्रांत स्वतःच्या चुका झाकलेल्या असतात, म्हणून एकाच प्रसंगाचे दोन्ही पक्षांचे वृत्तांत ताडून पाहणे इष्ट ठरते. पराभूतांचे लेखन कमी वाचले जाते. वस्तुतः शिकण्याच्या दृष्टीने ते पुष्कळदा अधिक उपयुक्त असते.

सद्यःस्थिती : स्टाफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत डावपेचांबरोबर युद्धेतिहास व चालू घडामोडी या विषयांना स्थान आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना सैनिकी शिक्षणाबरोबरच विद्यापीठीय पदवी मिळते. साताऱ्याचे सैनिकी विद्यालय (१९६१) हे देशातील या प्रकारचे पहिले विद्यालय असून तेथून दक्षिण महाराष्ट्रातील मुलांना प्रबोधिनीचा मार्ग खुला झाला. दूरनियंत्रित शस्त्रे, उपग्रह व संगणकीय युद्ध यांमुळे सेनाधिकाऱ्याचे ज्ञान लवकर जुने होऊ लागले आहे आणि अध्ययन चालू ठेवण्याची निकड वाढली आहे. परीक्षेपुरते वाचन व बढतीपुरते शिक्षण यांनी ही निकड भागत नाही. वरिष्ठांनी कनिष्ठांचा अभ्यास करून घेणे, प्रतिकूल मूल्यमापन मांडणाऱ्यास संरक्षण देणे आणि पराभवाच्या नोंदी अभ्यासकांना उपलब्ध करणे, या तीन गोष्टींवर सेनेतील ग्रंथव्यासंगाचे फलित अवलंबून असते.